दोन वर्षांचा अनुभव विकत मिळतोय, घेऊ का?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत असलेल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला दोन विषयांत राहिलाय आणि पुण्यात कर्वेनगरला खोली घेऊन आहे. तिथला एक क्लास चार महिन्यांत डेव्हऑप्स, म्हणजे सॉफ्टवेअर चालू ठेवायचं काम, शिकवतो. फी नव्वद हजार. वर दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र आणि पगाराच्या स्लिपाही 'करून देतो'. वडील विचारतात, "त्यात कोडिंग लागत नाही म्हणे, आणि आमच्याला कोडिंग जमत नाही. पैसे भरू का?"

नमस्कार.

भरू नका. पण तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच ओळींपाशी मी अडखळले. "पाहुण्यांत सांगून बसलोय की पोरगा हिंजवडीत लागला, आठ लाखांचं पॅकेज आहे. आता विषय सुटल्याशिवाय येऊन काय तोंड दाखवणार? गणपतीलाही येऊ नको म्हटलं."

हे आठ लाख कुणी ठरवले? मुलाने नाही. इंजिनिअरिंगला दोन विषय राहणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे, पुढच्या परीक्षेला सुटतात. पण तुम्ही पाहुण्यांना आकडा सांगितलात आणि तेव्हापासून ते दोन विषय घरातलं गुपित होऊन बसले. सणाला घरी यायची बंदी झालेला पोरगा खोलीवर एकटा बसून अभ्यास करत असेल असं तुम्हाला खरंच वाटतं? मला तर वाटतं, क्लासवाल्याचा खोटा कागद त्याला तुमच्या आठ लाखांची भरपाई म्हणून हवाय.

आता कोडिंगचं. डेव्हऑप्स म्हणजे कोडिंग न जमणाऱ्यांची पळवाट, हा समज क्लासवाल्यांनी पसरवलाय. प्रोग्रामरने लिहिलेलं सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवायचं, ते रात्रंदिवस चालू ठेवायचं आणि बंद पडलं तर उठवायचं, असं हे काम आहे. जाहिरातीत नावं असतात डॉकर, कुबरनेटीस, टेराफॉर्मची. २०१३-१४ च्या सुमारास आलेली ही हत्यारं चालतात ती लिहिलेल्या फायलींवर. त्या फायली गिटमध्ये (कुणी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या हत्यारात) ठेवायच्या, शेल आणि पायथन या भाषांमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, लिहायचे, हे रोजचंच. उलट इथे दुसऱ्याचा कोड मध्यरात्री वाचून कुठे अडलंय ते शोधावं लागतं. ऑन-कॉलच्या, म्हणजे कधीही हाक आली तर हजर व्हायच्या, आठवड्यात लग्नाच्या पंगतीतही लॅपटॉप जवळ असतो. म्हणून कंपन्या इथे सहसा नवख्याला थेट घेत नाहीत. बहुतेक जण सपोर्ट, सिस्टिम ॲडमिन किंवा डेव्हलपमेंटमधून इकडे येतात. तुम्ही नव्या दिवाणजीच्या हातात पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली देता का? 'दोन वर्षांचा अनुभव' मागतात तो यासाठी, आणि क्लासवाला नेमका तोच विकतोय.

३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड ऑनलाइन सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरने रात्री उशिरा दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसला. चालू आहेत असं वाटणारे बॅकअपही निकामी निघाले आणि सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने ते जगजाहीर केलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. कंपनीच्या जाहीर टिपणात त्या माणसाचं नाव नाही, नुसतं 'टीम मेंबर १'. हा धंदा असा चालतो. चूक होणारच, ती ताबडतोब सांगता आली पाहिजे. खोट्या कागदावर आत शिरलेला पोरगा रात्री दोनला "माझ्याकडून झालं" कसं म्हणेल? त्याला तर प्रत्येक प्रश्नाला वाटणार, आपण पकडले जाणार. आणि पकडलेही जातात. बऱ्याच कंपन्या आधीच्या नोकरीच्या पीएफच्या नोंदी तपासतात, आणि नोकरी लागल्यावर महिन्यांनीसुद्धा काढून टाकतात. बनावट कागद वापरणं हा गुन्हा आहे, ते वेगळंच.

मला तुमचं घर इथे आठवलं. राहिलेले विषयसुद्धा जिथे मोठ्याने बोलता येत नाहीत, तिथून आलेल्या मुलाला चूक अशी सांगून टाकणं जमायला वेळ लागेल.

गेट, एमसीए, कॅम्पसचं तुम्ही विचारलंत, ते सगळं डिग्री हातात आल्यावर बघू. आधी त्याला सांगलीला बोलवा. खोलीचं भाडं वाचेल. दोन विषय सोडवताना घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे बहुतेक सर्व्हरवर असते ती फुकट प्रणाली, टाकू दे. डॉकर, कुबरनेटीस शिकायला पैसे पडत नाहीत. स्वतःची एक छोटी वेबसाइट त्याने चढवावी, मुद्दाम बंद पाडावी, परत उठवावी. महिन्या-दोन महिन्यांत त्याला स्वतःलाच कळेल, यात रस आहे की नुसता पाहुण्यांपासून पळायला रस्ता हवा होता. रस नसेल तर दुसरं काही शोधू. तेव्हा तुम्ही नाही, त्याने पत्र लिहावं.

पाहुण्यांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते: विषय राहिलेत, देतोय. एवढंच. तुम्हीच सांगा, त्याच्या आईला पुढे करू नका.

आणि क्लासला ॲडव्हान्स दिला असेल तर आजच परत मागा. पावती नसली तरी.