फायबर गेल्यावर फक्त टीव्ही-कॅमेऱ्याचं नेट बंद कसं ठेवायचं?

तुमचा प्रश्न असा, की फायबर तुटून राउटर सिमच्या डोंगलवर गेला की लॅपटॉप चालावा, टीव्ही आणि कॅमेरे नकोत. होतं, पण साध्या राउटरच्या पॅरेंटल कंट्रोलने नाही. त्याला वेळ कळते, नेट कुठल्या लाइनीवरून येतंय ते कळत नाही.

आम्ही रावेरकडचे. रस्त्याचं खोदकाम निघालं की फायबर गेलंच समजा. पहिल्याच वेळी पोरांनी टीव्हीवर पिक्चर लावला आणि दिवसाचा 2 जीबी डेटा तासाभरात साफ! तेव्हा जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं मोफत पर्यायी सॉफ्टवेअर) टाकलं.

त्यात एमवॅन3 हे पॅकेज घ्या; कुठलं उपकरण कुठल्या लाइनीवरून जाईल ते हे ठरवतं. टीव्ही, कॅमेऱ्यांना 192.168.1.192 ते 223 मधले कायमचे आयपी (घरच्या नेटवर्कमधले पत्ते) द्या. मग फक्त फायबरचीच लाइन असलेली एक पॉलिसी बनवा आणि तिचा ‘लास्ट रिसॉर्ट’ अनरीचेबल ठेवा, म्हणजे फायबर नसेल तर दुसऱ्या लाइनीवर न जाता नेट बंदच. ही मेख आहे. आता सोर्स 192.168.1.192/27 (म्हणजे वरचेच 192 ते 223 आयपी) असलेला नियम त्या पॉलिसीला जोडा आणि यादीत सगळ्यात वर न्या, कारण नियम वरून खाली तपासले जातात.

मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर आणखी सोपं: त्या आयपींची अ‍ॅड्रेस लिस्ट करून, फायरवॉलमध्ये आउट इंटरफेस एलटीई (सिमची लाइन) असेल तर ड्रॉप, म्हणजे अडवा.

आयपीव्ही6 (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते, वरचा नियम त्यांना लागत नाही) चालू असेल तर त्याचा वेगळा बंदोबस्त लागेल, नाहीतर टीव्ही त्या वाटेने सटकतो. कॅमेऱ्याचं डीव्हीआरमधलं रेकॉर्डिंग मात्र चालूच राहतं, ते घरातल्या घरात असतं. फायबरची वायर उपसून एकदा बघा.