आज्जीसमोर ब्लूटूथवर नको ते गाणं वाजलं

मावशी, आम्ही मानेवाड्याला राहतो. मुलगी नववीत आहे. शाळेत "माझा आदर्श" यावर पाच मिनिटं बोलायचंय आणि तिनं मेगन दी स्टॅलियन नावाच्या अमेरिकन रॅपरचं नाव दिलंय. मागच्या रविवारी गाडीत तिचा फोन ब्लूटूथला लागला, मागे सासूबाई बसलेल्या, आणि जे काही वाजलं ते मी इथे लिहू शकत नाही. धाकट्यानं लगेच एका शब्दाचा अर्थ विचारला. मिस्टर म्हणतात फोनच काढून घे. मी तिला म्हटलं असलं गाणाऱ्या बाईत आदर्श काय, तर म्हणते, मामाच्या वरातीत तुम्ही सगळे ज्यावर नाचले ते काय भजन होतं का? मला उत्तरच सुचलं नाही. काय करू?
– गोंधळलेली आई

ताई,

सासूबाईंना त्यातलं किती समजलं हे तुम्ही लिहिलंच नाही, माझा अंदाज आहे की त्यांना फक्त धाडधाड ऐकू आलं असेल, खरं काय ते तुमच्या चेहऱ्यावरूनच कळलं असेल. असो.

वरातीचा मुद्दा आधी घेते कारण पोट्टीनं बरोबर जागी बोट ठेवलंय बाप्पा. आपल्या नागपुरातल्या वराती काय मी पाहिल्या नाहीत का, डीजेवर हनी सिंग लागला की काका, मामा, आत्या, चौथीतली पोरं सगळे एका रांगेत नाचतात, त्या गाण्यांत बाईला काय काय म्हटलंय हे कोणी विचारत नाही कारण पंजाबी आहे, ठेका आहे आणि नवरदेवाच्या मित्रांनी पैसे दिलेत. याच हनी सिंगवर अश्लील गाण्यांवरून आपल्या पाचपावली ठाण्यात गुन्हा दाखल झाला होता, 2022 मध्ये कोर्टाच्या आदेशावरून आवाजाचा नमुना द्यायला त्याला नागपुरात यावं लागलं होतं. त्याच शहरात त्याच्याच गाण्यांवर वराती निघतात! मग पोरगी विचारणारच ना, माणूस बोलला तर चालतं आणि बाई बोलली की काऊन नाही चालत?

आणि चावट गाणं ही काही अमेरिकेहून आलेली साथ नाही. आपली शृंगारिक लावणी काढा, त्यातला निम्मा अर्थ नववीतल्या पोरीला समजावून सांगायची वेळ आली तर तुम्ही स्वयंपाकघरात पळाल. सुलोचनाबाई चव्हाण डोक्यावरून पदर घेऊन, नीट उभं राहून तेच शब्द गायच्या आणि बायका-माणसं मान डोलवायची, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि कोणाची हरकत नव्हती, माझी तर मुळीच नव्हती. आता मेगन काही डोक्यावर पदर घेत नाही हे मान्य, स्टेजवरचे तिचे कपडे बघून माझाही हात रिमोटकडे जातो. पण गाण्यात काय म्हटलंय आणि गाणारी माणूस म्हणून कशी आहे, हे दोन प्रश्न आपण सुलोचनाबाईंच्या बाबतीत वेगळे ठेवले होते, मग हिच्या बाबतीतही ठेवून बघा.

मेगनबद्दल जरा वाचून घ्या, मिस्टरांनाही वाचायला द्या. तिची आई स्वतः रॅप करायची. 2019 मध्ये आई आणि आजी एकाच महिन्यात गेल्या. तेव्हा ती नावारूपाला येत होती, कॉलेज सोडलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं, पण तिनं सोडलं नाही, शो करत करत शिकत राहिली, 2021 च्या मार्चमध्ये ग्रॅमी मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ह्यूस्टनच्या टेक्सस सदर्न युनिव्हर्सिटीतून हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशनची डिग्री घेतली. म्हाताऱ्या माणसांची देखभाल होईल अशी केंद्रं काढायचीत असं ती सांगायची. आता हे एवढंच एखाद्या मराठी मुलीबद्दल सांगितलं असतं तर तुम्ही स्वतःच म्हटलं असतं की बोल हिच्यावर, शाळेत बक्षीस मिळेल.

अजून एक गोष्ट आहे आणि माझ्या मते तुमच्या मुलीशी बोलायला हीच सगळ्यात कामाची आहे. 2020 च्या जुलैमध्ये ओळखीच्याच एका गायकानं तिच्या पायांवर गोळी झाडली. इंटरनेटवर लोकांनी तिलाच खोटं पाडलं, थट्टा केली, मीम बनवले. ती कोर्टात उभी राहिली, साक्ष दिली, डिसेंबर 2022 मध्ये त्याला दोषी ठरवलं आणि पुढच्या वर्षी दहा वर्षांची शिक्षा झाली. मुलीला विचारा की तिची गाणी अशी होती म्हणून लोकांचा तिच्यावर विश्वास कमी बसला का? आणि हे बरोबर आहे का? उद्या कॉलेजात हिच्याच वर्गातल्या एखाद्या मुलीला कोणी त्रास दिला आणि सगळे म्हणाले ती तर तशीच आहे, तेव्हा आपली पोरगी कोणाच्या बाजूनं उभी राहील? नववीतल्या पोरीशी हे बोलायला थोडं जड जाईल पण बोला.

म्हणजे सगळंच छान आहे का, तर नाही. गाण्यांतली पैशांची आणि ब्रँडची फुशारकी मला आवडत नाही, शरीर म्हणजेच ताकद हेही सारखं सारखं ऐकलं की कंटाळा येतो, आणि चौदा वर्षांच्या मुलीला त्यातलं काय फक्त स्टेजवरचा अवतार आहे आणि काय खरं आहे हे दरवेळी कळेलच असं नाही. रॅपमध्ये फुशारकी मारायचीच असते, तो त्या प्रकाराचाच भाग आहे, हे तिला माहीत आहे का ते बघा. माझी फूटपट्टी घाण शब्दांची नाही. बाई स्वतःच्या इच्छेबद्दल बोलतेय की कोणीतरी तिला वस्तू समजून तिच्याबद्दल बोलतोय, "नाही" म्हटल्यावर गाणं थांबतं की मागे लागणं हेच प्रेम म्हणून दाखवतं, एवढं मी बघते. या फूटपट्टीनं मोजलं तर एकही शिवी नसलेली कितीतरी हिंदी गाणी नापास होतात, पोरगा रस्त्यात अडवतो, ओढणी खेचतो आणि आपण ते अंताक्षरीत म्हणतो.

तर एक दिवस संध्याकाळी तिला घेऊन फुटाळ्यावर जा, भुट्टा घ्या, आणि म्हणा तुला तिच्यात काय आवडतं ते सांग. मध्ये बोलू नका, तोंडही वाकडं करू नका. ती म्हणाली की घाबरत नाही, शिकली, लढली, तर निम्मी चिंता तिथेच सोडून या. ती म्हणाली की फक्त दिसते भारी, तर मग पुढे बोलायला विषय मिळाला. तिचं एखादं गाणं तिच्यासोबत ऐकाच, अर्थ तिलाच विचारा, तिला जेवढी लाज वाटेल ना तेवढी तुम्हालासुद्धा वाटणार नाही.

भाषण करू द्या. बाईंना आधी विषय सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी स्टेजवरून उतरवायला नको. गाण्याची एकही ओळ म्हणायची नाही आणि मेगनचं जे पटत नाही तेही एक मिनिट बोलायचं, एवढ्या दोन अटी घाला. दुसरी अट ऐकून कुरकुर करेल, करू द्या.

धाकट्याचा विषय वेगळा आहे, तिथे मी कडक आहे. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर सेटिंगमध्ये एक्स्प्लिसिट कंटेंट, म्हणजे असली शिव्यांची नि चावट गाणी, बंद करता येतं, तो जो फोन किंवा टॅब वापरतो त्यावर आजच बंद करा. अशा गाण्याशेजारी छोटं इंग्रजी E असतं ते बघायला शिका. अमेरिकेतही हे सगळं एका आईपासूनच सुरू झालं, टिपर गोर नावाच्या बाईंनी मुलीसाठी आणलेल्या प्रिन्स नावाच्या गायकाच्या रेकॉर्डवर नको ते ऐकलं आणि 1985 मध्ये प्रकरण थेट सिनेटपर्यंत गेलं, त्यातून कॅसेटवर इशाऱ्याचं लेबल आलं. मोठ्या पोरांनी मग लेबल बघूनच कॅसेट घेतल्या म्हणा, म्हणून नववीतलीला फिल्टर लावून काही होणार नाही, मैत्रिणीचा फोन आहेच. आणि गाडीत आज्जी असली की पोरीचा फोन ब्लूटूथला लागणार नाही, हा नियम करून टाका, त्यावर चर्चा नको.

मिस्टरांना सांगा फोन काढून घेतला तर गाणी बंद होणार नाहीत, फक्त ती काय ऐकते हे तुम्हाला कळायचं बंद होईल. आणि पुढच्या वरातीत डीजेवाल्याला गाण्यांची यादी द्यायचं काम त्यांच्याकडे सोपवा, बघू किती गाणी कापतात ते.

– मावशी