दोन वर्षं उभी असलेली काँटेसा घरी आणताना

प्रश्न : बंगळूरला १९९१ची काँटेसा क्लासिक (१.८ लिटर पेट्रोल) घेतली. दोन वर्षं उभी होती. चालवत सोलापूरला आणू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आणा, पण घेतल्या दिवशी निघू नका. सर्वात जास्त दगा देते ती पेट्रोलची टाकी. आत साठलेला गंज हलतो, फिल्टर तुंबतो आणि गाडी चढावर गचके देते. टाकी काढून धुऊन घ्या, नवा फिल्टर बसवा, दोन जादा फिल्टर सोबत ठेवा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुने रबरी पाइप फुगतात आणि तडकतात, म्हणून ते सगळे इथेनॉल सोसणारे घाला. ही कसर करू नका. गळलेलं पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडलं की आग लागू शकते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते पूर्ण बदला. टायर कधी बनला ते सांगणाऱ्या त्यावरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर सहा वर्षांहून जुने असतील तर नक्षी कितीही खोल दिसो, नवेच घ्या.

आधी शहराजवळ शंभरेक किलोमीटर फिरवा. मग चित्रदुर्ग, होसपेट, विजयपूर मार्गे या, मुक्काम होसपेटला. उन्हात इंजिन बंद पडून सुरू होत नसेल, तर बॉनेटखालच्या, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला ओलं फडकं गुंडाळून वीस मिनिटं थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

फॉर्म २८ची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) बंगळूरच्या आरटीओकडूनच घ्या. तिच्याशिवाय सोलापूरचा एमएच-१३ क्रमांक मिळत नाही.