नाशिकला राहून प्लेटांच्या सीमांचा अभ्यास करता येतो का? बीएस्सीनंतर यात करिअर आहे का?

येतो. नाशिकच्याच एका कॉलेजात मी 29 वर्षं भूशास्त्र शिकवलं आणि तेवढीच वर्षं प्लेटांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या, सीमांवर काम केलं. तुम्ही विचारताय, घर न सोडता जमेल का. जमेल, पण दर उन्हाळ्यात महिना-दीड महिना घर सोडावंच लागेल.

हाच प्रश्न आमच्या विभागप्रमुखांनी मला केला होता, म्हणून सविस्तर लिहिते. लडाखला जायला रजा मागितली तर म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे सगळा काळा दगड. प्लेटची सीमा इथून हजार किलोमीटरच्या पलीकडे. शेतकऱ्यांना विहिरीची जागा दाखवा, तेच बरं." रजा मिळाली ती बिनपगारी.

पूर्व लडाखमध्ये निदार गावाजवळ इंडस सूचरचा पट्टा आहे. भारतीय आणि युरेशियन प्लेट जिथे जुळल्या ती शिवण. चार हजार मीटरच्या वर, धाप लागलेली, आणि समोरच्या उतारावर लोड रचून ठेवावेत तसे दगडाचे गोळे. पिलो लाव्हा. समुद्रतळाशी लाव्हा बाहेर पडला की पाण्याने त्याची साल लगेच गोठते, आतला रस साल फोडून पुढे सरकतो, तोही गोठतो. एक गोळा फोडला. कडेची साल हिरवट, आत पांढरे ठिपके, वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळीत भरलेलं कॅल्साइट. पंचवटीतल्या आमच्या घरी धुण्याचा दगड होता, त्यावर असेच ठिपके होते, फक्त ते झिओलाइट या दुसऱ्या खनिजाचे. बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, हाताला ओळखीचा होता. आजीच्या देवघरातला गंडकीचा शाळिग्रामही आठवला. तो अमोनाइट या शंखवाल्या सागरी प्राण्याचा जीवाश्म, आणि अमोनाइट टेथिसमधले, या दोन प्लेटांच्या मधे पूर्वी असलेल्या त्याच समुद्रातले. मला रडू आलं, खरंच.

आणि विभागप्रमुखांचं म्हणणं मुळातच चूक होतं. 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हाचे थर साचत होते, त्याच सुमारास सेशेल्स बेटांचा तुकडा आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून फाटून निघाला आणि मधे नवी सीमा उघडली, ती आज कार्ल्सबर्ग रिज या नावाची डोंगररांग म्हणून हिंदी महासागराच्या तळाशी आहे. भारतीय प्लेट तेव्हा वर्षाला 15 सेंटिमीटरहून जास्त वेगाने उत्तरेला चालली होती, आता साधारण 5. नंदुरबार-धुळ्याकडे जमीन ताणली जाऊन पडलेल्या भेगांत लाव्हा गोठला, ते डाइक मैलोन् मैल दिसतात. सीमा आज लांब आहे, पण ती उघडली तेव्हा आपण तिच्या शेजारी होतो. हे मी तेव्हा त्यांना तोंडावर सांगायला हवं होतं. नकाशावर रेघा दाखवून प्लेट टेक्टॉनिक्स शिकवणाऱ्यांनी आधी पांडवलेण्यांचा डोंगर नीट बघावा.

करिअरचं म्हणाल तर एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या, पुढे संशोधन आणि प्राध्यापकीसाठी नेट. यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा पास झालात तर जीएसआयमध्ये, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, पक्की नोकरी आहे. भूजल विभागातही जागा निघतात, आणि विहिरीची जागा दाखवणं हे कमी दर्जाचं काम नाही. मला राग आला तो ते माझ्यावर लादलं म्हणून. किल्लारी 1993 आणि कोयना 1967 हे दोन्ही भूकंप सीमेपासून लांब, प्लेटच्या पोटात झाले, तिकडेही कामाला माणसं हवीत.

एक राहिलं. मी दगड वाचणाऱ्यांच्या बाजूने बोलतेय. भूकंपलहरी किंवा जीपीएसवर काम करायचं असेल तर गणित आणि प्रोग्रॅमिंग पक्कं लागतं, त्यात माझा सल्ला घेऊ नका. आणि बिनपगारी रजा मला परवडली कारण घरात दुसरा पगार होता. सासूबाईंनी मुलीला सांभाळलं.

लेहला विमानाने गेलात तर पहिले दोन दिवस डोंगर चढू नका. मी चढले होते आणि तिसरा दिवस पूर्ण अंथरुणात गेला.