‘ब्लॉक’ आहे, मग नसा मोकळ्या कशा?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. सोलापुरात टॉवेलच्या यंत्रमागावर उभी हयात गेली. महिन्यात दोनदा घेरी येऊन पडले. ईसीजीत ‘कंप्लीट हार्ट ब्लॉक’ आला. अँजिओग्राफीत नसा मोकळ्या. तरी पेसमेकर सांगतात. खरंच लागेल का?

उत्तर : ताई, हा ब्लॉक रक्तवाहिनीतला नाही, विजेच्या वाटेतला आहे. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात संदेश उठतो, वरच्या-खालच्या कप्प्यांमधला दुवा असलेल्या ‘एव्ही नोड’पाशी क्षणभर रेंगाळतो आणि खाली उतरतो. वडिलांची ही वाट तुटली आहे. खालचे कप्पे आपल्याच संथ चालीने, बहुधा मिनिटाला ३०-४० ठोक्यांनी, कसेबसे चालतात. अशाच एका आजोबांच्या मनगटावर मी बोट ठेवलं होतं : ३४ ठोके. एका ठोक्यानंतर दुसऱ्याची वाट बघताना माझाच जीव टांगणीला लागला!

काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू आहेत का? डोळ्यांत घातलेलं हे औषधही ठोके मंदावतं, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर थेंबांची बाटलीही डॉक्टरांना दाखवा. औषधांचा दोष नसेल, तर पेसमेकर हवाच. उशीर करू नका. तोवर त्यांना एकट्याने जिना चढू देऊ नका, गाडी तर मुळीच चालवू देऊ नका.