स्टीमपंकची नवी सिरीज येतेय ना, मग तोवर हे कर

अरे, आवडता लेखक पहिल्यांदाच स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या जगातली विज्ञानकथा, लिहितोय म्हटल्यावर तुझा जीव टांगणीला लागणारच, माझाही लागलाय. पण एक सांगतो, पहिला भाग हातात येईपर्यंत प्रत्येक सॅम्पल चॅप्टर वाचत बसू नकोस, मी एकदा तसं केलं आणि पुस्तक उघडलं तर पहिली चाळीस पानं शिळी वाटली, फार वाईट वाटलं तेव्हा.

त्यापेक्षा मुळाकडे जा. स्टीमपंक हा शब्द १९८७ चा, के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकाने एका पत्रात वापरलेला, पण वाफ, पितळ, अचाट यंत्रं हे सगळं एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नकडे आधीच आहे, आणि तो आपल्याकडे भा. रा. भागवतांनी इतका झकास मराठीत आणलाय की तिथूनच सुरू कर. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर शोध, मला एक प्रत तिथेच मिळाली, आत पेन्सिलीने किंमत आणि कुणीतरी पाणबुडीचं चित्र काढलेलं, अजून जपून ठेवलीय.

आणि हो, आपलं शहरच बघ ना. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं जोडली होती, नावं ऐकूनच अंगावर काटा येतो. सीएसएमटीला लोकल लागेपर्यंत मान वर करून त्या दगडी कोरीवकामाकडे बघ, तिथे लोकलऐवजी वाफेवर उडणारं जहाज उतरतंय असं डोळ्यासमोर आण, मग लेखकाचं जग लगेच पकडता येईल.

पुस्तक आलं की मला फोन कर, रात्री कितीही वाजता.