ट्रेलरच्या टायरची हवा: कराडहून गुहागरला निघण्याआधी

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे चुकलो असेन तर सांगा. बोलेरोमागे दोन चाकांचा कॅम्पर ट्रेलर लावून आधी कुंभार्ली घाटाने गुहागरला आणि मग मे महिन्यात जतवरून विजापूरला जायचंय. ट्रेलर बनवणाऱ्याने १६५/८० आर १४ टायर बसवलेत आणि २८ हवा ठेवा म्हणालाय (हवेचे सगळे आकडे पीएसआयमध्ये, म्हणजे पंपावरच्या गेजवर दिसणाऱ्या दाबाच्या मापात). पंक्चरवाला म्हणतो, उन्हाळ्यात त्यातूनही दोन-तीन कमी करा. अमेरिकेतल्या व्हिडिओत सांगतात, टायरवर छापलेला मोठ्यात मोठा आकडा भरा. आता ऐकायचं कुणाचं?

तुमच्या ट्रेलरपुरतं बोलायचं तर तिघांचंही नको. पण त्याआधी एक गोष्ट. बोलेरोच्या पुढच्या चाकातली हवा गेली की स्टीअरिंग एका बाजूला ओढतं, मागची गेली तर गाडी बसल्यासारखी वाटते. ट्रेलरच्या चाकाचं यातलं काहीच तुमच्यापर्यंत येत नाही. ते फक्त मागून ओढलं जातं. अर्धी हवा गेली तरी बोलेरो तशीच पळते, आणि कळतं ते टायरच्या चिंध्या उडाल्यावर. म्हणून गाडीच्या टायरला चालणारा 'बघू पुढच्या पंपावर' हा हिशेब ट्रेलरला चालत नाही.

माझंच सांगतो. आमच्या घरी उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे टायरमधलं आपल्याला सगळं कळतं असा माज होता. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात ट्रेलर घेऊन मिरजेहून जतकडे निघालो. कवठेमहांकाळच्या पुढे दुपारी दोनला थांबलो, हवा बघितली तर ५०ची ५७ झालेली. शेजारच्या पंक्चरवाल्याने 'फुटंल की ओ' म्हणून घाबरवलं आणि मी खिळ्याने पिन दाबून दोन्ही चाकांची हवा ५०वर आणली. एका नोझलचं टोपण तिथंच कुठंतरी पडलं. पिनेत धूळ अडकली असणार, कारण रात्रभर त्यातून बारीक हवा जात राहिली. सकाळी न बघता पाण्याची टाकी भरली आणि निघालो. जत सोडल्यावर एक मोटारसायकलवाला हातवारे करत आडवा आला, तोवर टायरचं पायपुसणं झालं होतं. चाकावरचं प्लायवूड फुटलेलं, पाण्याचा पाइप तुटलेला. मला स्टीअरिंगवर शून्य कळलं होतं.

चूक झाली ती गरम टायरची हवा सोडण्यात. टायर पळताना रबर आणि आतले थर सारखे वाकतात, त्यातून उष्णता होते, हवा तापते आणि प्रेशर चढतं. दहा-पंधरा टक्के चढणं अगदी नेहमीचं आहे. टायर बनवणाऱ्याने ते धरूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो. तुम्ही वरचा भाग सोडून दिला की सकाळी टायर त्या आकड्याच्या बराच खाली असतो. मग बगल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, जास्त वाकते, जास्त तापते, आणि फुटतो तो हाच टायर. उन्हाळ्यात कमी हवेने टायर थंड राहतो असं नाही, उलट जास्त तापतो.

हवामानाचा हिशेबही सोपा आहे. ५० हवेच्या टायरला दर १० अंशाला साधारण सव्वादोन पीएसआयचा फरक पडतो, ३५च्या टायरला पावणेदोनच्या आसपास. म्हणून हवा बघायची ती सकाळी, गाडी किमान तीन तास उभी असताना आणि चाकावर ऊन यायच्या आत. आमच्या अंगणात पूर्वेकडच्या चाकावर उजाडताच ऊन पडतं, तर आठ वाजता तेच चाक दुसऱ्यापेक्षा दोन-तीनने जास्त दाखवतं. पहिल्या वर्षी मी त्या नादात चांगली हवा सोडून देत होतो.

आता आकडा किती. इथे अमेरिकन व्हिडिओ चुकीचे नाहीत, पण ते वेगळ्या टायरबद्दल बोलतात. तिकडे ट्रेलरचा खास टायर मिळतो, त्यावर एसटी लिहिलेलं असतं. त्याच्या बगलेवरचं सगळ्यात जास्त वजन आणि त्यासाठी लागणारी थंड हवा एकत्र लिहिलेली असते, म्हणून तिकडची माणसं तो आकडा पूर्ण भरतात. तुमचा टायर कारचा आहे. कारच्या टायरवर ४४ किंवा ५१ लिहिलेलं दिसेल, ती फक्त कमाल मर्यादा. त्या टायरची पूर्ण वजन पेलायची ताकद ३५-३६ हवेलाच मिळून जाते. त्यापुढे हवा भरून वजनाची ताकद वाढत नाही, ट्रेलर नुसता उड्या मारतो आणि आतली भांडी खाली येतात.

साइझच्या पुढे ८५ असा आकडा असेल, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. हे पूर्ण हवेला. २८ हवेला तोच टायर ४५०सुद्धा सुखाने पेलत नाही. आणि तुमचा ट्रेलर? रिकामा ९०० म्हणता. त्यात ७० लिटर पाणी म्हणजे ७० किलो, घरगुती गॅसची भरलेली टाकी जवळजवळ ३०, गाद्या, तंबू, खुर्च्या, वहिनींचं सामान धरून ११०० कुठं गेलं नाही. त्यातलं दहा टक्के हुकवर जातं. उरलेलं ९९० दोन चाकांत सारखं वाटलं तरी प्रत्येकी ४९५. पण सारखं वाटलं जात नाही. पाणी आणि ओटा डावीकडे असेल, तर डावं चाक ५१५च्या वर जाणार आणि तिथं कितीही हवा भरा, टायर कमीच पडणार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

म्हणून पहिलं काम वजनकाट्याचं. आपल्या भागात काट्यांची कमी नाही. ट्रेलर पूर्ण भरून न्या, पाण्यासकट. आधी बोलेरोला जोडलेला असताना दोन्ही चाकं काट्यावर घेऊन वजन घ्या, मग तो असा ओढा की फक्त डावं चाक काट्यावर राहील. ट्रेलर तिरका होऊ देऊ नका, नाहीतर आकडा फसवा येतो. काटेवाला हसेल, हसू द्या.

डावं चाक ४५०च्या पुढे दिसलं तर माझा सल्ला सरळ आहे: हवेशी झटापट सोडा, टायर बदला. माझ्या ट्रेलरला १८५ आर १४ सी आहे, टेम्पो-पिकअपच्या जातीचा. त्याची ताकद ६५ हवेला ८५० किलो. माझ्या चाकावर ६००च्या आत वजन येतं, म्हणून मी ५० ठेवतो. रिमलाही वजनाची आणि हवेची मर्यादा असते, कारची पातळ रिम असेल तर आधी विचारून घ्या. बगलेवरचे शेवटचे चार आकडेही बघा. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून नाही, उभे राहून उन्हात तडकून मरतात. सहा वर्षांपुढचा टायर मी नक्षी नवीन दिसत असली तरी वापरत नाही.

तोवर गुहागरला जायचंच असेल तर पाणी चिपळूणला भरा, हवा सकाळी थंड टायरला ३६ करा आणि वेग ७०च्या वर नेऊ नका. घाटाची काळजी हवेच्या बाबतीत नको. समुद्रसपाटीला उतरताना बाहेरचा दाब वाढतो म्हणून गेज थोडं कमी दाखवतं, पण कोकणातला उकाडा ते भरून काढतो. घाट उतरून पोफळीत पोचलात की उतरून हात मात्र लावून बघा, आधी लांबून. टायरची बगल दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेली असेल तर हवा कमी किंवा वजन जास्त. मधला हब चटका देत असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक. ट्रेलरला ब्रेक असेल तर घाटानंतर दोन्ही हब सारखे गरम असणं ठीक आहे, एकच गरम असणं ठीक नाही.

रस्त्यात एक टायर कमी दिसला तर थंड टायरचा आकडा भरत बसू नका. शेजारच्या चाकात गरम असताना जेवढी आहे तेवढी भरा, आणि दुसऱ्या सकाळी दोन्ही नीट करा. बराच वेळ अगदी कमी हवेत पळाला असेल तर नुसती भरून निघू नका. स्टेपनी लावा आणि तो टायर रिमवरून काढून आतून बघून घ्या. आतून काळा भुगा निघाला तर तो टायर गेला.

ट्रॉलीवाले टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकून आवाज ऐकतात, आमचा ड्रायव्हरही तेच करतो. त्याने रिकामा टायर कळतो, ५० की ३८ ते कळत नाही. स्वतःचं गेज घ्या. पंपावर हवा फुकट असते, पण तिथली गेज एकमेकांशी जुळत नाहीत आणि ट्रेलरसकट तिथं वळायला जागा नसते. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडी चालू ठेवून थेट बॅटरीला चिमटे लावून चालवा. लायटरच्या सॉकेटला लावून मी दोनदा फ्यूज उडवलाय.

नोझलच्या टोपणाच्या जागी बसून टायरची हवा पुढे ड्रायव्हरला दाखवणारे सेन्सर, म्हणजे टीपीएमएस, जतच्या त्या प्रकारानंतर मी घेतले. माझ्या मते ट्रेलरवाल्याने पहिला खर्च यावर करावा, नायट्रोजनवर नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तोही तापला की तसाच फुगतो. एक अडचण आहे: रबरी नोझलवर सेन्सरचं वजन आलं की ते वेगात हलतं आणि मुळाशी चिरतं. आधी धातूचे नोझल बसवून घ्या. हवा १० टक्के कमी झाली की वाजेल असं लावा, आणि ट्रेलर जोडून एक चक्कर मारून बघा की पुढे सिग्नल पोचतोय.

काट्यावर मात्र सकाळी जाऊ नका. कारखाने चालू असले तर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत दोन तास जातील. दुपारी जेवायच्या वेळेला गाठा, आणि डाव्या-उजव्या चाकाचे आकडे इथे टाका.